सौर दिवा, हात आणि अपरिग्रह

सौर दिव्याच्या कार्यशाळेला साहित्य फार लागत नाही. पंजाएवढे पॅनेल, एक लिथियम बॅटरी, चार्जिंगचे छोटे सर्किट, एलईडी, स्विच, थोडी लाल-काळी वायर आणि प्लास्टिकचा सांगाडा. अवजारे म्हणजे सोल्डर गन, पक्कड, डिसमिस आणि जमल्यास एक मल्टिमीटर. आठवी-नववीची मुले दोन-तीन तासांत वायरी सोलतात, टोकांना डाख देतात, लाल-काळ्याची अदलाबदल करून घोळ घालतात, पुन्हा जोडतात आणि दिवा लागतो. ‘शाश्वत विकास’ या पाठ्यपुस्तकी प्रकरणाला जोड म्हणून देशभर अशा कार्यशाळा होतात. त्यामागे एक गृहीतक असते. ज्याने दिवा स्वतः जोडला त्याला विजेचे मोल कळेल, आणि मोल कळलेला माणूस ती उधळणार नाही. हे गृहीतक तांत्रिक नाही, नैतिक आहे. हाताच्या कामातून संयम शिकता येतो का, आणि संयम म्हणजे नेमका किती, हा प्रश्न धर्मविचारात जुनाच आहे. या कार्यशाळेमुळे तो वॉटमध्ये मोजता येतो, एवढेच नवे.

पतंजलीच्या पाच यमांत अपरिग्रह आहे, जैनांच्या पाच महाव्रतांतही आहे. साधूसाठी त्याचा अर्थ सरळ आहे: काहीच जवळ ठेवायचे नाही. गृहस्थाचे तसे चालत नाही. म्हणून जैन परंपरेने श्रावकासाठी परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत सांगितले. धान्य, सोने, जमीन, जनावरे यांची मर्यादा गृहस्थाने स्वतः ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. या व्रतात आकडा असतो. ‘कमी वापरा’ असा मोघम उपदेश त्यात नाही. किती, ते आधी ठरवावे लागते. आजच्या पर्यावरण-शिक्षणात नेमकी हीच गोष्ट हरवलेली असते. पाणी वाचवा, वीज वाचवा अशा घोषणांनी भिंती रंगतात, पण किती वापरले म्हणजे पुरे, हे कोणी सांगत नाही.

दिवा मात्र ते सांगतो. एक वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवसात, पाच तास पूर्ण ऊन मिळाले असे धरले, तर पाच वॉट-तास वीज देते. सर्किटमध्ये, बॅटरी भरताना आणि रिकामी होताना त्यातली काही वाया जाते. हाती साडेतीनच्या आसपास उरते. अर्ध्या वॉटचा एलईडी त्यावर सात तास जळेल, एक वॉटचा साडेतीन तास. आषाढातल्या ढगाळ दिवसात हा हिशेब निम्म्याच्याही खाली येतो आणि अभ्यास मध्येच थांबतो. हेच गणित पुढे नेले की मुलांचे डोळे उघडतात. बेताच्या मोबाइलची बॅटरी साधारण १५ वॉट-तासांची असते. ती भरायला या पॅनेलला चार-पाच दिवस लागतील. वीजबिलावरचे एक युनिट, म्हणजे १,००० वॉट-तास, ही या पॅनेलची साडेनऊ महिन्यांची कमाई. दीड किलोवॉट ओढणारे वातानुकूलन यंत्र तासाभरात त्याची चौदा महिन्यांची कमाई संपवते. बिलातले युनिट हे घरातल्या मुलाला कधीच न दिसलेले चलन असते. दिव्याने ते दिवसांत मोडून दाखवले की खर्चाला प्रथमच वजन येते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वरवरचा नाही. सूर्य वापरल्याने संपत नाही. मग सूर्यप्रकाशाच्या बाबतीत अपरिग्रह कशासाठी? कोळशाबाबत काटकसर समजते, कारण आज जाळलेला कोळसा उद्या नसतो. उन्हाची काटकसर करणे म्हणजे अट्टहासाने उपाशी राहणे नव्हे का? या आक्षेपाचे उत्तर वर्ध्यात आठ-नऊ दशकांपूर्वी बऱ्याच अंशी दिले गेले आहे.

जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस, पुढे अमेरिकेत अर्थशास्त्राचे विद्यार्थी, श्रद्धेने ख्रिस्ती. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून त्यांनी त्याचे काम सुरू केले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ यांच्या जोडीला तिथे दिव्यावरही प्रयोग झाले. ‘मगन दीप’ नावाचा कंदील त्यातून आला. तो रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळे. रॉकेल स्वस्त होते, उजेडही बरा देई. तरी कुमारप्पांना ते नको होते, कारण ते जमिनीखालच्या साठ्यातून येते आणि परक्या कंपनीच्या हातून गावात पोचते. तेलबी मात्र दर हंगामाला गावातच पिकते. १९४५ च्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात, जो त्यांनी तुरुंगात लिहिला, त्यांनी सृष्टीतल्या साधनांचे दोन वर्ग केले: वापरल्यावर संपणारी आणि निसर्गचक्रात पुन्हा भरून येणारी. पहिल्या वर्गावर उभा राहिलेला समाज भांडणाकडे जातो, दुसऱ्यावर उभ्या राहिलेल्या समाजाला शांतता शक्य असते, असे त्यांचे म्हणणे. पर्यावरणाचा प्रश्न त्यांना मुळात अहिंसेचा प्रश्न वाटत होता. तेलासाठी पुढे झालेली युद्धे पाहता हे निदान चुकले असे म्हणता येत नाही.

ऊन कुमारप्पांच्या दुसऱ्या वर्गात मोडते. पॅनेल मोडत नाही, बॅटरी तर अजिबात नाही. सौर ऊर्जेची सगळी नैतिक गुंतागुंत या फटीत आहे. स्रोत अमर्याद आहे, पण तो झेलणारे भांडे मर्यादित, खनिजांतून काढलेले आणि झिजणारे आहे. सिलिकॉन क्वार्ट्‌झपासून विजेच्या प्रखर भट्टीत काढावे लागते आणि ती वीज बहुतेक वेळा कोळशाची असते. लिथियम ऑस्ट्रेलियाच्या खाणींतून नाही तर चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या खाऱ्या पाण्यातून येते. बॅटरीत कोबाल्ट असेल तर तो बहुधा काँगोतला. पॅनेल आपल्या घडणीला लागलेली ऊर्जा साधारण एक-दोन वर्षांत परत करते, हे खरे. मोठी काचेची पॅनेले पंचवीस वर्षे टिकतात, हेही खरे. पण कार्यशाळेतल्या छोट्या पॅनेलवर काच नसते, राळेचा किंवा प्लास्टिकचा थर असतो. तो काही वर्षांतच पिवळा पडतो. म्हणजे संयम पाळायचा तो उन्हाच्या बाबतीत नव्हे, भांड्याच्या बाबतीत. लागेल तेवढेच मोठे घ्यावे, आणि घेतलेले शक्य तितके टिकवावे.

उजेड निष्पाप नसतो हे जैन विचाराने फार पूर्वी, वेगळ्या कारणाने, मांडले होते. त्या दर्शनात अग्नी हाही जीवांचा देह आहे. दिवा लावणे आणि विझवणे दोन्हींत हिंसा होते, म्हणून परंपरा पाळणारे साधू-साध्वी आजही विजेचा दिवा वापरत नाहीत. ही भूमिका सर्वांनी स्वीकारण्याजोगी नाही, आणि जैन गृहस्थांकडून तशी अपेक्षाही नाही. पण ‘स्वच्छ ऊर्जा’ हा शब्दप्रयोग ज्या सहजतेने आज वापरला जातो, त्याला या विचाराने चांगला चाप बसतो. सौर दिव्याचा धूर मुलाच्या डोळ्यांत जात नाही. तो दुसऱ्या खंडातल्या खाणीपाशी निघून गेलेला असतो. कार्यशाळेतल्या शिक्षकाने एवढे सांगितले नाही, तर त्याने विज्ञान अर्धेच शिकवले.

आता हाताचा प्रश्न. १९३७ च्या जानेवारीत त्रावणकोरच्या दौऱ्यात गांधी ठिकठिकाणी ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्रावर बोलले. बाकी सगळी शास्त्रे जळून गेली आणि एवढा एकच मंत्र उरला तरी हिंदू धर्म टिकेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सर्व काही ईश्वराचे आहे, म्हणून त्यागपूर्वक भोगावे आणि दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नये, असे तो मंत्र सांगतो. त्याच वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि ‘नई तालीम’चा आराखडा पुढे आला. हा योगायोग मानण्याचे कारण नाही. त्यागपूर्वक भोग हे तत्त्व मुलांना ऐकवून उपयोग नाही, ते हातातल्या कामातून अंगवळणी पडले पाहिजे, ही त्या योजनेमागची श्रद्धा होती. गीतेचा तिसरा अध्याय यज्ञचक्राबद्दल बोलतो आणि परत न देता भोगणाऱ्याला चोर ठरवतो. गांधींनी त्या यज्ञाचा अर्थ शरीरश्रम असा घेतला. तो घेताना टॉलस्टॉय आणि रस्किन त्यांच्या मनात होते.

विनोबांनी नई तालीमचे सूत्र आणखी आवळले. उद्योग वेगळा आणि ज्ञान वेगळे असे दोन तास वेळापत्रकात ठेवले की काम हमालीचे होते आणि ज्ञान पोपटपंचीचे. दोन्ही एकाच क्रियेत मिसळलेली असावीत, याला तिथे समवाय म्हणत. सोल्डरिंग करताना व्होल्टेज समजणे हा समवायाचा साधा नमुना आहे. सिलिकॉनचा एक सेल सुमारे अर्धा व्होल्ट देतो, म्हणून बॅटरी भरण्याइतका दाब मिळवायला सेल एकापुढे एक जोडावे लागतात. फळ्यावर हे वाक्य पाच मिनिटांत लिहून होते. मल्टिमीटरची टोके स्वतः लावून, मग पॅनेलवर हात धरून सावली पाडली आणि आकडा खाली येताना पाहिला, की ते विसरले जात नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात शेती, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी आणि गृह-आरोग्य अशा विभागांतून हीच रीत चालत आली आहे. कलबाग स्वतः मोठ्या कंपनीतल्या संशोधन विभागातून आले होते. त्यामुळे त्यांच्या हस्तकामात भाबडेपणा नव्हता.

पण भारतात हाताने काम करणे ही शिक्षणपद्धतीची निवड म्हणून कधीच शिल्लक राहिली नव्हती. ती जातीने ठरवून दिली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी बहुजनांच्या शाळेत व्यवहारोपयोगी आणि शेतीचे शिक्षण मागितले, ते पुस्तकी विद्येवर पोसलेल्या वर्गाला उद्देशून नव्हे, त्या विद्येपासून दूर ठेवलेल्यांसाठी. आंबेडकरांनी १९३६ साली जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी असल्याचे मांडले. या पार्श्वभूमीवर, ज्या घरात हाताला काळे लागणे कमीपणाचे मानले जाते तिथल्या मुलाने सोल्डर गन धरणे ही खरोखर एक सामाजिक घटना आहे. ज्याचा बाप इलेक्ट्रिशियन आहे त्या मुलाला वर्गात त्या दिवशी सर्वांत जास्त येते, हीदेखील. पर्यावरणाच्या धड्यापेक्षा हा धडा कदाचित मोठा असेल.

मात्र आंबेडकरांचा दुसरा मुद्दा कार्यशाळेच्या तत्त्वज्ञानाला अधिक अडचणीचा आहे. १९४५ च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी गांधींच्या यंत्रविरोधावर आणि साधेपणाच्या आदर्शावर टीका केली. माणसाला जनावरापेक्षा वेगळे करणारी संस्कृती फुरसतीतून जन्मते, फुरसत यंत्र देते, आणि ती नाकारणे म्हणजे कष्टकऱ्याला कायमचे कष्टात ठेवणे, असा त्यांचा युक्तिवाद. त्याला आजवर कोणी समाधानकारक उत्तर दिलेले नाही. नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावर, जिथे रात्री चिमणीच्या उजेडात स्वयंपाक होत आला, तिथे एका वॉटच्या दिव्याबरोबर ‘गरजा कमी करा’ हा उपदेशही पोचवणे अन्यायाचे आहे. अपरिग्रह हे ज्याच्याजवळ आहे त्याचे व्रत आहे. नसलेल्याने ते पाळायचे म्हटले तर त्याला दारिद्र्य म्हणतात. मिळवलेल्या गोष्टींवर मर्यादा घालण्याचा अर्थ मिळवल्यानंतरच लागू होतो, आणि परिग्रह-परिमाणाचे व्रतही संपन्न श्रावकालाच उद्देशून होते.

म्हणून एकाच कार्यशाळेचे दोन जागी दोन अर्थ होतात, आणि आयोजकांनी ते मिसळता कामा नयेत. आयआयटी मुंबईच्या ‘सोल’ प्रकल्पाचा प्रवास याची साक्ष देतो. २०१४ पासून त्या संस्थेने प्रा. चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकाराने ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी लाखो अभ्यास-दिवे केले. जोडणी, विक्री आणि दुरुस्ती त्या त्या तालुक्यातल्या लोकांनीच, बऱ्याच ठिकाणी महिलांनी केली. पुढे केंद्र सरकारच्या ७० लाख दिव्यांच्या योजनेत आसाम, बिहार, झारखंड, ओडिशा आणि उत्तर प्रदेशातल्या विद्यार्थ्यांना शंभर रुपयांत दिवा मिळू लागला. तेव्हाचा हेतू उघड होता: रॉकेल हटवणे. २०१७ साली ‘सौभाग्य’ योजना आली, घरोघरी तारा पोचल्या आणि दिव्याची निकड ओसरली. त्याच संस्थेच्या पुढच्या कार्यशाळा शहरी विद्यार्थ्यांकडे वळल्या. २ ऑक्टोबर २०१९ रोजी, गांधींच्या दीडशेव्या जयंतीला, दिल्लीत हजारो मुलांनी एकाच वेळी दिवे जोडले. सोळंकींनी पुढे मांडलेल्या ‘एनर्जी स्वराज’च्या सूत्रात विजेचा एक तृतीयांश वापर टाळावा, एक तृतीयांश कार्यक्षम उपकरणांनी घटवावा आणि उरलेला तृतीयांश सौर ऊर्जेतून भागवावा, असा क्रम आहे. निर्मिती शेवटी येते, हे त्यातले महत्त्वाचे. सौर उद्योगाच्या जाहिरातींत ती नेहमी पहिली असते.

हा क्रम उलटला तर काय होते, ते इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच कोळशाच्या बाबतीत दाखवले. इंजिने सुधारली, कोळसा कमी लागू लागला, म्हणून एकूण खप घटला नाही, वाढला. एलईडीने उजेड स्वस्त केला तसे जिने, कुंपणे, झाडे आणि सोसायट्यांच्या कमानी रात्रभर उजळू लागल्या. कार्यक्षमता हा सद्‌गुण नाही, ती सोय आहे. सद्‌गुण लागतो तो सोय झाल्यावर थांबण्यासाठी.

हजारोंच्या एकत्र कार्यशाळांबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. विक्रमासाठी भरलेल्या मैदानात, आधीच कापून ठेवलेल्या वायरी मुलांनी सूचनेबरहुकूम जोडल्या तर ते कर्मकांड होते: विधी पूर्ण, अर्थ गैरहजर. झाकीर हुसेन समितीने नई तालीमच्या अहवालातच इशारा दिला होता की उत्पादनाच्या आकड्यावर भर पडला तर शिक्षणाचा हेतू मागे पडेल. दिव्यांच्या बाबतीत आकडा रुपयांचा नसून प्रसिद्धीचा असतो, इतकाच फरक. आणि जोडणे म्हणजे घडवणे नव्हे, हेही मान्य करावे. सूत कातणारा कापसापासून धाग्यापर्यंत सगळे स्वतः करू शकतो. सिलिकॉनचा सेल कोणत्याही शाळेत होणार नाही. दिवा जोडणारे मूल जगभर पसरलेल्या साखळीची शेवटची कडी लावत असते. त्याला स्वावलंबन म्हणणे ही अतिशयोक्ती आहे.

मग हाताला खरे ज्ञान कुठे मिळते? दुरुस्तीत. जोडणी सूचनापत्रकावर होते, दुरुस्तीसाठी दिवा समजावा लागतो. दोष बॅटरीचा की स्विचचा, डाख सुटली की पॅनेल पिवळे पडले, हे एकेक तपासत जावे लागते. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने, जे बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये उभे केले, हे ओळखले होते. तिथे निरक्षर स्त्रिया, अनेकदा आज्या, भारतातून आणि आफ्रिकेतून येऊन सुमारे सहा महिने राहतात. रंगांच्या खुणांवरून सर्किट शिकतात. प्रमाणपत्र मिळत नाही. पदवीचा कागद मिळाला की तरुण पुरुष शहराकडे निघून जातो, आजी गावात राहते आणि बिघडलेला दिवा तिच्याकडे येतो, हा त्यामागचा अनुभव. ज्ञानाची कसोटी तिथे परीक्षा नसून गावातले चालू असलेले दिवे आहेत.

महाराष्ट्रातल्या धर्माचारात या दृष्टीला आधार आहे. आषाढ अमावास्येला, म्हणजे दीप अमावास्येला, घरातल्या समया, निरांजने, कंदील खाली काढून घासतात, पाटावर मांडतात आणि पूजतात. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. दोन्ही सणांत आधी साफसफाई, मग पूजा. बिघडलेला सौर दिवा मात्र कपाटात पडून राहतो आणि शेवटी कचऱ्यात जातो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि सौर पॅनेलांचा त्यांत समावेश आहे. बॅटऱ्यांसाठी २०२२ चेच वेगळे नियम आहेत. या नियमांचा बोजा उत्पादकांवर आहे. शाळेत जोडलेल्या दिव्याचा उत्पादक कोण, हा प्रश्न कार्यशाळेत कोणी विचारत नाही.

शाळांनी जोडणीची कार्यशाळा जरूर घ्यावी, पण तिच्याबरोबर पुढच्या दीप अमावास्येला दुरुस्तीचा दिवस वेळापत्रकात घालावा. तेव्हा पावसाळा असतो, चार्जिंग अपुरे होते, दोष उघडे पडतात आणि शाळाही सुरू असते. प्रत्येक मुलाने आपला दिवा आणावा, उघडावा, वर्षभरात किती वॉट-तास मिळाले याचा अंदाज मांडावा, आणि संपलेली बॅटरी शाळेनेच जमा करून नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवावी. त्या दिवशी वर्गात चालू असलेले दिवे मोजावेत. कार्यशाळेचे यश त्या आकड्यावर ठरवावे, पहिल्या दिवशी लागलेल्या दिव्यांच्या आकड्यावर नव्हे.